लेबल खरवडलेली रेकॉर्ड

"द्या ती पिशवी इकडे," रेकॉर्डवाले काका म्हणाले.

चष्मेवाल्याने पिशवी छातीशी धरली होती, ती काही सोडली नाही. वीस वर्षं तो दर रविवारी दुपारी या दुकानात येत होता. पण घरची रेकॉर्ड घेऊन आज पहिल्यांदाच आला होता.

"वाजवायच्या आधी एक सांगतो," तो म्हणाला. "यात माझे वडील गातात."

काकांनी हातातलं फडकं खाली ठेवलं. "वीस वर्षं माझं डोकं खाल्लंत, आणि हे आज सांगताय?"

"आईला आवडायचं नाही कुणाला सांगितलेलं. महिन्यापूर्वी गेली ती."

 काकांनी स्टूल पुढे सरकवलं.

सांगण्यासारखं तसं थोडकंच होतं. घरात दोनच माणसं, तो आणि आई. आई लोकांचे कपडे शिवायची. दुपारी पोराला झोपवायची वेळ झाली की ती जुन्या प्लेअरवर ही एकच लहान रेकॉर्ड लावायची आणि बाहेरच्या खोलीत निघून जायची. गाणं संथ, अगदी संथ. ड्रमवाला जणू डुलक्या घेत वाजवायचा. गिटारचा एकेक सूर पाण्यात बुडून वर यावा तसा यायचा. आणि त्या सगळ्यातून एका पुरुषाचा खोल, उबदार आवाज. पडद्यातून गाळून आलेलं ऊन, पलीकडे शिलाई मशीनची घरघर, आणि तो आवाज. पोराचे डोळे कधी मिटायचे ते त्यालाही कळायचं नाही.

पाच वर्षांचा असताना त्याने विचारलं होतं, "हे बाबा आहेत का गं?"

आईने त्याचं पांघरूण सारखं केलं. मग म्हणाली, "झोप आता."

पोराने त्याचा अर्थ हो असाच घेतला, आणि आईनेही तो कधी खोडून काढला नाही.

रेकॉर्डचं लेबल कुणीतरी पार खरवडून टाकलेलं. ना नाव, ना गाव. आई स्वतः तर गाण्याच्या वाटेला जायची नाही. कधी साधं गुणगुणलीसुद्धा नाही. एवढं सोसलेल्या बाईला गाणी कुठून सुचणार, असं त्याला वाटे.

मोठा झाल्यावर तो बापाला शोधायला लागला, तेही कानांनी. पॉप आणि रॉकच्या त्या पहिल्यावहिल्या दिवसांतला खोल आवाजाचा एकही गाणारा त्याने सोडला नाही. बाप सापडला नाही, पण शोधता शोधता हा बाकी सगळ्यांच्याच प्रेमात पडला. अडीच मिनिटांत अख्खा जन्म सांगून मोकळे होणारे ते गाणारे. एकाच माइकभोवती दाटीवाटीने उभ्या राहून नुसत्या 'ऊ' आणि 'आ' वर काळजाला हात घालणाऱ्या तिघी. आवाज घुमावा म्हणून जिन्यात बसून गिटार वाजवणारा कुणी. ज्यांची नावं कव्हरवर कधी आलीच नाहीत त्या ड्रमवाल्यांना हा त्यांच्या हातावरून ओळखायचा. स्वतःच्या चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकाचे डोळे तपासतानाही तंद्री लागायची. गिऱ्हाईक म्हणे, "काही दिसत नाही हो." हा म्हणे, "ऐका, ऐका."

"सासरे सापडले का?" घरी परतल्यावर बायको विचारायची. आधी चेष्टेने विचारायची, पुढे पुढे नुसतंच.

"पण मला कधीच का नाही ऐकवलंत?" काकांनी आता विचारलं.

"आईने शपथ घातली होती. रेकॉर्ड घराबाहेर न्यायची नाही, दुसऱ्या कुठल्या प्लेअरवर लावायची नाही. ती होती तोवर पाळली. आता आमच्या प्लेअरची मोटरच जळली, आणि दुरुस्तीवाल्याने हात टेकले." त्याने पिशवीवरून हात फिरवला. "महिनाभर ऐकलं नाही, काका. मला साठावं लागलंय. बापाचं निदान नाव तरी कळू दे."

"त्या काळचा आवाज असेल तर नाव मी काढतो. शब्द देतो."

चष्मेवाल्याने पिशवी पुढे केली.

काकांनी रेकॉर्ड उजेडात तिरकी धरली, हलकेच फुंकर घातली, मऊ ब्रश फिरवला. प्लेअरवर ठेवली आणि सवयीने वेगाचा खटका सरकवला.

"आमच्या प्लेअरचा हा खटका मोडून एकाच वेगावर अडकलेला होता," चष्मेवाला म्हणाला. "आईने कधी दुरुस्त करून घेतला नाही."

"मग तुमची फिरत होती तरी कशी? ही लहान रेकॉर्ड, जरा जोरातच फिरवावी लागते, हळू फिरली तर आवाज जाड होतो." काकांनी सुई टेकवली.

चष्मेवाल्याने डोळे मिटून घेतले. आधी खरखर, मग ड्रम. पण हा ड्रमवाला टक्क जागा होता. गिटार उड्या मारत आली. चष्मेवाल्याने डोळे उघडले. काहीतरी भलतंच चाललं होतं, काकांना थांबवायला तो उठलासुद्धा. तेवढ्यात गाणं सुरू झालं.

तेच गाणं, पण एक तरुण मुलगी गात होती. मोकळ्या गळ्याने, हसत, उद्याची काही फिकीर नसल्यासारखी.

"अहो, हे काय!" काका म्हणाले. "दुसरीच कुठली तरी उचलून आणलीत. कोण ही पोरगी? बंद करू?"

"राहू द्या, काका," चष्मेवाला म्हणाला. "आई आहे माझी."