दुसरा ठिपका

फ्रिज गप्प होता. खंडेरावांनी झाकणाला कान लावला तरी पंख्याची घरघर नाही.

फ्रिज कसला, बायकोच्या, कलाबाईंच्या इन्सुलिनपुरती पेटीच ती. पण ती चालली तरच द्वारकेची यात्रा. सुई सुरू झाल्यापासून बाईंनी घराबाहेर एक रात्र काढली नव्हती. म्हणून तर खंडेरावांनी फुलांचा धंदा पोरावर सोपवला, सिन्नरच्या कारखान्याची मोडीत निघालेली बस घेतली आणि आत पलंग, ओटा, देव्हारा सगळं थाटलं. बस चोवीस व्होल्टची, फ्रिज बाराचा. दोघांचं जमेना, तेव्हा मध्ये कन्व्हर्टर बसवून दोन सॉकेटं शेजारी शेजारी काढली, एक चोवीसचं, एक बाराचं. बाराच्या डोक्यावर सुनेच्या नेलपॉलिशने लाल ठिपका दिला आणि घरभर बजावलं, फ्रिज फक्त लाल ठिपक्यात.

आता पंचवटीतल्या गल्लीत पूजा उरकून बस उभी होती. चाकांखाली लिंबं ठेवून झाली होती. दारात मुलगा दीपक हाताची घडी घालून उभा.

"मी म्हणत होतो ना नाना, या वयात हे उद्योग नको. आई, उतर खाली."

कलाबाईंनी मुकाट्याने पिशवी उचलली, तेच खंडेरावांना फार लागलं.

"उज्वला, कुठं लावला होता फ्रिज?"

"लाल ठिपक्यातच, नाना," सून म्हणाली.

खंडेरावांनी वाकून पाहिलं. दोन्ही सॉकेटं लाल. चोवीसच्या डोक्यावर ताजं कुंकू, वर दोन अक्षता.

"हे कोणी केलं?"

"मी," कलाबाई म्हणाल्या. "दोघं शेजारी बसलेली. एकाला लावलेलं अन् दुसऱ्याचं कपाळ रिकामं, बरं दिसतं का ते?"

यावर रागवावं कसं, हेच खंडेरावांना कळेना. त्यांनी फ्रिजची पिन फिरवून उघडली. आतला काचेचा फ्यूज काळाठिक्कर पडला होता. नवा घातला, पिन बाराच्या सॉकेटात बसवली आणि श्वास रोखून कान दिला.

घरघर सुरू झाली.

खंडेराव तिथेच खाली बसले. डोळे भरून आले ते त्यांनी लपवले नाहीत. "जिवावरचं शेपटावर निभावलं गं."

"मग जळालं काय?"

"हा एवढासा फ्यूज. फ्रिजवरचं त्यानं अंगावर घेतलं."

कलाबाईंनी फ्यूज तळहातावर घेतला, पिशवी परत पलंगावर ठेवली आणि त्या खाली उतरल्या. वाकून पुढच्या चाकाखालचं लिंबू काढलं, त्या जागी फ्यूज ठेवला.

"नजर यानंच उतरवली. लिंबू सरबताला होईल. मीठ घालूनच पिऊ."

त्या परत बसमध्ये चढल्या, तशी दीपकने हाताची घडी सोडली आणि बाहेरून दार लावलं. खंडेरावांनी चावी फिरवली. बस हलली, आणि चाकाखाली बारीकसं काहीतरी कुटकन फुटलं.