तुमच्या वतीने

अमेरिकेवर इंग्रजांचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. मॅसॅच्युसेट्समधल्या एका गावात ईनॉकइतका मोठा आवाज कुणाचा नव्हता. "लंडनच्या पार्लमेंटमध्ये आपला एकही माणूस नाही, मग त्यांना कर कशाचा द्यायचा?" असं तो भर सभेत गरजला आणि बघता बघता गाव पेटलं. केझाया थॅचरने इंग्रजांनी कर लावलेला चहा सोडला, घरातली कथलाची ताटं वितळवून बंदुकीच्या गोळ्या ओतल्या. नवरा लढाईवर गेला, तो परत आलाच नाही.

इंग्रज हरले, गेले. पहिल्याच हिवाळ्यात ईनॉक नव्या सरकारचा वसुलीदार होऊन तिच्या दारात हजर झाला.

"काकू, शेताचा कर काढा."

"देते की. पण मग पुढच्या सभेत मलाही मत देऊ दे."

ईनॉक पोट धरून हसला. "बाईमाणसाचं मत? अहो, लोक काय म्हणतील!"

"कर घेताना बाईमाणूस चालतं वाटतं तुला?"

"उगाच कशाला डोक्याला ताप करून घेता, काकू? तुमच्या वतीने बोलायला आम्ही बसलोय ना तिथे!"

केझायाने त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं, अंगणात शिरलेल्या दुसऱ्याच्या डुकराला न्याहाळावं तसं.

"लंडनवाल्यांनी आपल्याला अगदी हेच उत्तर दिलं होतं, ईनॉक. तेव्हा तू माझ्या नवऱ्याच्या हातात बंदूक दिलीस. आता माझ्या हातात काय देतोस, बोल."