तीन दिवसांचा नियम

माझ्या धाकट्या सुनेला एका उत्तरावर थांबणं ठाऊकच नव्हतं. माणसांना त्यांच्या कामाबद्दल खोदून विचारायचं आणि कॉम्प्युटरवाल्यांना समजेल असं लिहून द्यायचं, ही तिची नोकरी. आमच्या पापड कारखान्यातल्या बायकांच्या हजेरीचा प्रोग्राम करायचं ठरलं, तशी ती वही घेऊन माझ्यापुढे बसली.

"तीन दिवस आली नाही, तर बाईचं नाव कमी," मी सांगितलं.

"आजारी असली तर, आई? घरात काही झालं तर?"

"चाळीस बायका मी तुझ्या वहीशिवाय सांभाळल्या. ऊठ!"

ती उठली. मग मुलाने फोन पुढे ठेवला. मी बोलत गेले आणि त्यातल्या एआय यंत्राने प्रोग्रामसाठी सगळं टापटीप लिहून काढलं. उलटा प्रश्न एकही नाही. चारचौघींत मी त्याचं कौतुक केलं.

पुढच्याच महिन्यात कारखान्यातल्या चंद्रभागेचा नवरा गेला. सुतकात बाई पिठाला हात लावत नाही, तेरा दिवस तिची जागा राखायची, हे आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. चौथ्या दिवशी प्रोग्रामने तिला परस्पर निरोप धाडला: तुमचं नाव कमी केलं आहे. बावीस वर्षं माझ्या शेजारी लाटायला बसलेली बाई! मी हात जोडायला गेले, तर तिने दार उघडलं नाही.

घरी येऊन सुनेला म्हटलं, "यंत्राला काय कळतंय? तुला कळत होतं. मी ओरडले म्हणून गप्प बसलीस, तिथे तू चुकलीस. आणि तुला उठवलं, तिथे मी चुकले."