रिकामी जागा

“पळ, शार्दूल, पळ!” ओहायोतल्या शाळेच्या मैदानावर गॅलरीतून येणारी बाबांची ही मराठी हाक फक्त त्यालाच कळत होती.

अमेरिकन फुटबॉलचा लांबट चेंडू त्याच्या हातात होता. फेकावा तर पुढे धावलेल्या साथीदारांपैकी कुणी मोकळं नव्हतं. त्याला सांभाळायला संघातल्या पाचजणांनी त्याच्याभोवती कडं केलं होतं. समोरच्या धटिंगणांच्या रेट्याने ते आवळत आवळत पार छातीशी आलं होतं. श्वास घ्यायलाही जागा उरली नव्हती. उजवीकडे एक फट दिसली. पाय शिवशिवले.

गेल्या सामन्यात तो असाच सटकला होता. लोकांनी डोक्यावर घेतलं, बाबांनी ऑफिसात पेढे वाटले. पण कड्यातल्या डॅरेलची त्याच्याकडे पाठ होती. शार्दूल मागे आहे असं समजून तो गडी रिकामी जागा राखत मार खात राहिला. आज त्याच्या दोन बोटांना पट्टी होती. आणि आजही तो वळून बघत नव्हता.

शार्दूल पळाला नाही. कड्यातच अर्धं पाऊल पुढे सरकून त्याने शेवटच्या क्षणी मोकळ्या झालेल्या साथीदाराकडे चेंडू भिरकावला आणि स्वतः तिघांखाली गाडला गेला.

पट्टी बांधलेला हात त्याला उठवायला आला.

“मागेच होतास?” डॅरेलने विचारलं.

“होतो.”