इटलीची गाडी

१९८४ साली रत्नागिरीच्या आमच्या घरी मोटार नव्हती, पण शोकेसमध्ये एक लाल स्पोर्ट्स कार होती. शर्यतीच्या जुन्या गाडीची हातभर लांबीची हुबेहूब प्रतिकृती. आमच्या ह्यांनी ती मुंबईहून 'इटलीची' म्हणून आणली होती. मुलांनी तिला हात लावायचा नाही, अशी सक्त ताकीद. दसऱ्याला मात्र हे स्वतः तिला झेंडूची माळ घालून हळदकुंकू वाहायचे.

एकदा शोकेसची काच अडकली, म्हणून बौद्धवाडीतल्या बाबाजीला बोलावलं. तो सुतारकाम करायचा. काच सरकायला लागल्यावर हे त्याला कौतुकाने गाडी दाखवत म्हणाले, "बघ बाबाजी, ह्याला म्हणतात काम. आपल्याकडे असा हात आहे कुणाचा?"

बाबाजी हसला. "आप्पा, हात माजाच हाय तो. मुंबैत सात वर्सं ह्याच गाड्या केल्या मी. इटलीचं लेबल शेट लावायचा."

त्याने गाडीतली सीट बोटाने जरा मागे सारली. चार वर्षांत आम्हाला एकदाही न उघडलेलं डावं दार अलगद उघडलं.

बाबाजी फाटकाबाहेर गेल्यावर हे म्हणाले, "चार दसरे मी त्याच्या हातच्या वस्तूची पूजा केली. आधी गोमूत्र आण. गाडीवर शिंपडायचंय."

मला त्यांची शिसारी आली.

 

तरी वाटी मीच भरून आणून दिली.