फटक्यांसाठी तंदुरुस्त

आखाती देशातल्या त्या तुरुंगाचे डॉक्टर खोचरे यांनी परदेशी पत्रकाराच्या दंडावरचा पट्टा सोडला. रक्तदाब एकशेवीस-ऐंशी. पन्नास फटके खायला माणूस अगदी ठणठणीत होता.

"एकशेऐंशी लिहा," तुरुंगाधिकारी म्हणाला. "त्याच्या देशाचं तिसरं निषेधपत्र आलंय. शिक्षा रद्द केली तर आपलं नाक कापलं जाईल, आणि फटके मारले तर व्यापारी करार मोडेल. आजारी माणसाला मात्र फटके मारत नाहीत."

खोचऱ्यांनी एकशेऐंशी लिहिलं. अकरा वर्षांत त्यांनी इथं प्रत्येकाला 'तंदुरुस्त' हाच शेरा दिला होता. दुसरंही काही लिहिता येतं, हे त्यांना आज कळलं.

पुढचा कैदी संगमेश्वरचा ड्रायव्हर निघाला, इस्माईल परकार. दारू बाळगली म्हणून चाळीस फटके.

"डॉक्टरसाहेब, तुम्ही आपल्याकडचेच ना?" शर्ट काढता काढता तो हळूच म्हणाला. "माझ्या घरी कळवू नका हां."

खोचऱ्यांनी त्याचा रक्तदाब मोजला आणि एकशेनव्वद लिहिला.

अधिकाऱ्यानं कागद उचलला. "याच्यासाठी कुठल्या देशाचं पत्र आलंय?"

"कुठल्याच नाही. माणूस आजारी आहे. फेरतपासणी करायची तर दोघांचीही करू."

अधिकाऱ्यानं पत्रकाराचाही कागद पुढे ओढला. मग त्यानं दोन्ही कागदांवर सही केली.

बाहेर अजून सात जण रांगेत होते. खोचऱ्यांनी सातही जणांना आजारी ठरवलं आणि संध्याकाळी चिपळूणला बायकोला फोन करून सांगितलं, की आपण बहुधा कायमचेच घरी येतोय.