दसऱ्याला पुजलेली डिक्शनरी

"बोर्बोरिग्मस!" गुणवंतराव गरजले, आणि वारलूचा पोह्यांचा घास हातातच राहिला. "सांगा पाहुणे, याचा अर्थ का?"

आलापल्लीच्या लाकूड डेपोतून कारकून म्हणून निवृत्त झालेल्या गुणवंतरावांचं हे खूळ साऱ्या गावाला पाठ होतं. सत्तेचाळीस साली विलायतेला परत जाताना गोऱ्या साहेबानं त्यांना जाडजूड इंग्रजी डिक्शनरी दिली. तेव्हापासून ती लाल फडक्यात बांधून देव्हाऱ्यात. दसऱ्याला वरूनच हळदकुंकू, झेंडूचं फूल. आणि पोरीला, कमळाला, बघायला येईल त्यानं आधी एका अवघड शब्दाचा अर्थ सांगायचा, मग बाकीचं बोलणं.

गंमत अशी, की गुणवंतरावांना नुसते शब्द आठवत. अर्थ केव्हाच विसरलेले. पण कबूल करतील तर शपथ! "मले ठाऊक आहे, पण ग्रंथात पाह्यलेलं बरं," म्हणायचे, आणि डोळे अधू झाले म्हणून कमळालाच आत पाठवायचे. तिला इंग्रजी त्यांनीच शिकवलं होतं.

मागच्या महिन्यात लाकडाचा ठेकेदार आला होता. बिजवर, दोन पोरांचा बाप. त्याला 'क्विडनंक' विचारला. "लोकायच्या घरच्या बातम्या हुंगत फिरते तो," ठेकेदार पटकन म्हणाला. कमळा आत गेली, पदराला हात पुसत बाहेर आली. "नाई बाबा. चुकलं." ठेकेदार पाय आपटत निघून गेला.

आज मात्र ती दाराआड कान देऊन उभी होती. पोंभुर्ण्याच्या या वारलूला तिनं मावसबहिणीच्या लग्नात पंगत वाढताना पाहिलं होतं. तेव्हापासून दुसरं कोणी मनात बसतच नव्हतं.

वारलूनं घाम पुसला. "सागाले लागते न... तो मोठा किडा."

"कमळा, पाह्य बरं."

देव्हाऱ्यापुढे बसून तिनं गाठ सोडली. वर पुठ्ठा, खाली पुठ्ठा, मधे सारी माती. वाळवीनं एक शब्द ठेवला नव्हता. बापाच्या जिवाला लागेल म्हणून ती बोलली नव्हती. शिवाय नको ते नवरे टाळायला ही माती बरी पडत होती. गाठ मारून ती बाहेर आली.

"बरोबर आहे बाबा. सागाचा किडा."

आई साखर आणायला उठली. तेवढ्यात वारलूचे मामा भैयाजी खाकरले. चांद्याच्या शाळेत मास्तर होते ते.

"काऊन बाप्पा? आमी त पोटातली गुडगुड असं शिकलो. काढा तो ग्रंथ. खोट्यावर सोयरीक नाई करत आमी."

कमळाला वाटलं, झालं, गेलं सगळं!

"आण पोरी," गुणवंतराव म्हणाले.

गाठोडं मांडीवर घेऊन त्यांनी त्यावर डोकं टेकवलं. "पुजलेली विद्या आहे, मास्तर. घरच्या कुवार पोरीशिवाय कोणी गाठ सोडली त सरस्वती कोपते. तुमाले सोडायचीच असंल त घ्या, सोडा. पण तुमी पडले मास्तर. सरस्वतीशी वैर परवडंल का?"

भैयाजींचा पुढे आलेला हात मागे गेला. त्यांनी गाठोड्याला नमस्कार केला आणि आईनं पुढे केलेली साखर तोंडात टाकली.

गुणवंतरावांनी गाठोडं कमळाच्या हाती दिलं आणि तिच्या कानाशी वाकले.

"खालून हात लावून ने पोरी. मागच्या दसऱ्यापासून तिकडूनच माती सांडते."